भांगलणीची पात

कऱ्हाडहून कोयनेचा पूल ओलांडला, की महामार्गालगत मलकापूर लागते. आगाशिवाच्या डोंगराखाली वस्ती आता दाट झाली आहे. तथापि इमारतींपलीकडच्या काळ्या रानांत, आषाढात लावलेल्या आडसाली उसाला कोंब फुटून सऱ्या हिरव्या दिसू लागल्या, की भांगलणीची घाई आजही चुकत नाही, आणि हे काम, कोणी हुकूम न देताही, बायकांच्याच वाट्याला येते.

आठ-दहा जणी बांधावरून उतरतात व प्रत्येकी एक पात धरतात. लांबून पाहणाऱ्यास ते नुसते गवत खुरपणे वाटेल. जवळ बसले म्हणजे त्यातला विवेक ध्यानात येतो. हरळी वरवर कापून भागत नाही, तिची मुळी ओढून काढावी लागते. लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली तर ते पुन्हा डोके वर काढते. आणि हे सारे, खुरप्याचे टोक कोवळ्या कोंबास न लागू देता, उकिडवे बसून पुढे सरकत करावयाचे असते. तांदुळजा आणि घोळ मात्र फेकून दिले जात नाहीत. ते रात्रीच्या कोरड्यासासाठी ओट्यात जातात, व उरलेल्या गवताचा भारा म्हशीपुढे पडतो. नवी सून मागे राहिली, तर ‘थांब गं, तुझी अर्धी पात मी धरते,’ म्हणत शेजारीण तिच्या सरीत येते. घरच्या रानात ना हजेरी, ना मजुरी. ज्यांनी आपल्याकडे भांगलले त्यांच्या रानात जाऊन पैरा फेडायचा, एवढाच हिशेब.

दीड वर्षाने ऊस कारखान्यास जातो. बिल मात्र ज्याच्या नावे नोंद त्याच्या खात्यावर पडते, आणि कारखान्याच्या दप्तरातला सभासद काय, सातबाऱ्यावरचा कब्जेदार काय, बहुधा पुरुषच. हा व्यवहार मला न्यायाचा वाटत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले व पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क राज्याने 1994 साली, केंद्राने 2005 साली दिला. पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर चढविण्याची सोयही महसूल खात्यात आहे. परंतु त्यासाठी अर्ज नवऱ्याने द्यावा लागतो. ज्या वाचकांच्या नावे गावाकडे रान आहे, त्यांनी पुढल्या खेपेस तलाठ्याच्या चावडीवर तो देऊन यावा.