लॅपटॉप बहुतेक वेळ वाटच पाहतो

इंजिनीअरिंगच्या प्रवेशयाद्या लागायला लागल्या की घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो: आय-फाइव्ह घ्यायचा की आय-सेव्हन? विचारणाऱ्याचा सगळा रोख प्रोसेसरच्या वेगावर. पण तो वेग आधी एकदा आकड्यांत बघा तर खरं.

४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. सेकंदाला तीन लाख किलोमीटर कापणारा प्रकाश दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो, म्हणजे कीबोर्डावरच्या चार कळांइतका. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानांना आलेल्यांना जवळपास ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज फार तर एवढीच जाते, हे लोकांच्या हातात ठेवायची त्यांची ही तऱ्हा. आज तेवढ्या वेळात आपल्या मांडीवरच्या यंत्राचे चार ठोके पडून गेलेले असतात. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या चिपमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते, २०२० सालच्या ॲपल एम१ मध्ये १६०० कोटी. जवळपास सत्तर लाख पट!

मग एवढं सगळं असून लॅपटॉप 'हँग' का होतो?

कारण हा आचारी विजेच्या वेगाने फोडणी घालतो, पण जिन्नस आणायला पाठवलेला पोऱ्या लवकर परतत नाही. एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असं धरू. प्रोसेसरच्या अगदी शेजारच्या कॅशमधली माहिती मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीसारखी, सेकंदाभरात हाताशी. रॅममधून काही आणायचं तर दीड-पावणेदोन मिनिटं. एसएसडीतून आणायचं तर एक अख्खा दिवस आणि वर चार तास. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून? तिची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारी सुई जागेवर सरकायला लागणारा वेळ आणि हवा तो भाग सुईखाली यायला लागणारी सरासरी अर्धी फेरी मिळून सुमारे १५ मिलिसेकंद. आपल्या मापाने जवळजवळ सहा महिने. आषाढात डाळ आणायला गेलेला पोऱ्या पौषात परतला! तेवढ्यात प्रोसेसरचे सहा कोटी ठोके नुसते उलटून जातात. दुसरं एखादं काम हाताशी असलं तर तो ते करतो, नसलं तर बसून राहतो. आय-सेव्हन घेतलात तर जास्त ऐटीत बसतो, इतकंच.

रॅमची गोष्ट तर त्याहून अचाट. ८ जीबी रॅममध्ये ६८७१ कोटींहून अधिक बिट असतात आणि प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला चिमूटभर विद्युतभार. तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. हिशेब करा: सेकंदाला एक लाख कोटींहून जास्त वेळा भरणं, तेही स्क्रीनवर तुम्ही काहीच करत नसताना. झाकण मिटून लॅपटॉप 'स्लीप'वर ठेवला तरी हे चालूच असतं. रात्रभरात बॅटरी थोडी उतरलेली दिसते, त्यात याचाही वाटा आहे.

नव्या मालकाचा हमखास दुसरा प्रश्न: ५१२ जीबी म्हणून घेतलं, विंडोज ४७६ दाखवतंय, दुकानदाराने फसवलं का? नाही हो. बनवणाऱ्या कंपनीचा जीबी १०० कोटी बाइटचा. विंडोज मोजते १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. माल तेवढाच, माप वेगळं. एका जीबीमागे सात टक्क्यांचा फरक, पण पाचशेच्या घरात गेल्यावर पस्तीस जीबी 'गायब' होतात आणि विनाकारण भांडणं लागतात.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे. कोडिंग शिकणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ, त्यातला एम्युलेटर आणि बाजूला क्रोमचे वीस टॅब एकदम उघडे असतात. ८ जीबी रॅम तिथेच संपते. मग सिस्टिम उरलेला पसारा डिस्कवर हलवते, आणि मिनिटांची कामं दिवसांवर जातात. प्रोसेसरच्या स्टिकरसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी ते १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर घाला. फिरती हार्ड डिस्क असलेला जुना लॅपटॉप कुणी स्वस्तात देत असेल, तर एसएसडी बसवायचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला एक नक्की विचारा: रॅम पुढे वाढवता येते, की बोर्डावरच सोल्डर केलेली आहे?