ट्रामच्या तारेनं हलवली वेधशाळा

बारावीला सरळ तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचं सूत्र असतं. मार्कांपुरतं पाठ करायचं, पेपर झाला की विसरायचं. पण भावांनो, या सूत्रातल्या गोष्टीपायी मुंबईतल्या वेधशाळेला आपलं काम अलिबागला हलवावं लागलं होतं!

आधी सूत्र सोपं करू. तारेतला प्रवाह अँपिअरमध्ये घ्या, त्याला सेंटिमीटरमधल्या अंतरानं भागा आणि २० नं गुणा. उत्तर येतं मायक्रोटेस्लामध्ये. तारेत २ अँपिअर असतील, तर १ सेंटिमीटरवर ४०. आपल्या मुरगुडात होकायंत्राची सुई धरून ठेवणारं पृथ्वीचं क्षेत्रही साधारण तेवढंच. बरोबरीची कुस्ती!

करून बघा. तार उत्तर-दक्षिण धरून होकायंत्राच्या वर १ सेंटिमीटरवर ठेवा आणि टोकं टॉर्चच्या सेलला क्षणभरच टेकवा, नाहीतर तार तापेल. सुई वळते. १८२० मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेड यांनी हेच पाहिलं होतं.

घरच्या विजेवर किंवा वेदगंगेकाठच्या मोटरीवर मात्र हा प्रयोग अजिबात नको. शॉक जिवावर बेतेल, आणि सुई हलणारही नाही. तिथला प्रवाह सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, शिवाय केबलमधल्या तारा एकमेकींचं क्षेत्र जवळजवळ पुसून टाकतात.

ट्रामचं तसं नव्हतं. प्रवाह एकाच दिशेचा. वरच्या तारेतून यायचा आणि खालच्या रुळांतून परत जायचा. दोघांत अंतर मोठं, त्यामुळे क्षेत्र पुरतं पुसलं जात नाही. समजा, एका तारेत १०० अँपिअर आहेत. १०० मीटरवर तिचं क्षेत्र ०.२ मायक्रोटेस्ला. दिसायला किरकोळ, पण शांत दिवशी पृथ्वीच्या क्षेत्रात होणारा चढउतार याहूनही कमी असतो. कुलाबा वेधशाळा नेमका तोच मोजत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. जुन्या-नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून काही काळ दोन्हीकडे मोजमाप चाललं. ट्राम आल्या १९०७ मध्ये. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

आता तुमची पाळी. सेलच्या प्रयोगात सुई बरोबर ४५ अंश वळली, तर तारेचं क्षेत्र पृथ्वीएवढं झालं. मग मीटर न लावता तारेतला प्रवाह सांगा बघू!