परदेशात स्थायिक होताना चंद्रपूर-गडचिरोलीतली बचत सोबत नेता येते का?

चंद्रपूर म्हटलं की कोळसा, वीज केंद्र आणि ताडोबा आठवतं. गडचिरोली म्हटलं की जंगल. पण इथली पोरंही आता नर्सिंग, इंजिनिअरिंग शिकून परदेशाची वाट धरतायत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हा या चर्चेला आणखी जोर आला.

व्हिसा लागला की पुढचा प्रश्न येतो. बँकेतली एफडी, पीएफ आणि गावची शेती यांचं करायचं काय?

आधी पैसा नेणं जवळपास अशक्य होतं

१९७३ च्या फेरा कायद्यात परकीय चलनाचे नियम मोडणं हा फौजदारी गुन्हा होता. १ जून २००० पासून फेमा लागू झाला आणि वातावरण सैल झालं. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एलआरएस ही योजना आणली. सुरुवातीची मर्यादा होती २५ हजार डॉलर. आज एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात.

रस्ते दोन आहेत

पहिला, जाण्याआधीचा. एलआरएस फक्त भारतात राहणाऱ्यांसाठी आहे. पॅन कार्ड लागतं. वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. त्यावरच्या रकमेवर, शिक्षण आणि उपचाराचा खर्च सोडला तर, २० टक्के टीसीएस लागतो. म्हणजे १५ लाख पाठवले तर वरच्या ५ लाखांवर १ लाख रुपये बँक वेगळे घेते. हे पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरलं की करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण ऐन निघायच्या वेळी लाखभर रुपये अडकतात, हे धरून चालावं लागतं.

दुसरा, गेल्यानंतरचा. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या दृष्टीने माणूस अनिवासी होतो. मग साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावं लागतं. कर भरल्याचे कागद आणि सीएचं प्रमाणपत्र दिलं की या खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. इथे टीसीएस नाही, पण खात्यावरच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस कापला जातो.

पीएफचं काय?

परदेशात नोकरीला किंवा कायमचं जाणाऱ्याला ईपीएफ काढता येतो. मात्र कोळसा खाणीतल्या कामगारांचा पीएफ ईपीएफओकडे नसतो. त्यांच्यासाठी कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी संघटना वेगळी आहे, अर्ज तिकडे जातो. पीपीएफ खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, अनिवासी झाल्यावर नवीन उघडता येत नाही.

खरी अडचण जमिनीची

परदेशात गेलं म्हणून वडिलोपार्जित शेती जात नाही. ती नावावर राहते, पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. शहराच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतरापलीकडची ग्रामीण शेती असेल तर त्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

पण आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पेसा क्षेत्रात ग्रामसभेचाही विषय येतो. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाला जातो, पण विकता येतच नाही. त्यामुळे सातबारा असलेली शेती आणि वनहक्काचा पट्टा यांचा हिशेब एकत्र मांडला तर गणित चुकतं.

चंद्रपुरातलं घर विकायचं असेल तरी वेळ महत्त्वाची ठरते. विकणारा अनिवासी असला तर ५० लाखांखालच्या व्यवहारातही खरेदीदाराला टीडीएस कापावा लागतो, आणि तो नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा बराच जास्त असतो.

म्हणून तिकीट काढण्याआधी तीन कामं उरकलेली बरी: बँकेला कळवणं, पीएफचे कागद जुळवणं आणि जमिनीवर नेमका कोणता हक्क आहे ते तलाठ्याकडे तपासणं. नंतर हीच कामं हजारो किलोमीटरवरून, मुखत्यारपत्र पाठवून करावी लागतात.