रो-हाऊस बुक करताय? ‘एनए आहे’ म्हणजे मंजुरी नव्हे

मागच्या आठवड्यात गेवराईकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वडील एसटीतून रिटायर झालेत, फंडाचे पैसे हातात आलेत आणि बीड शहराच्या कडेला एक रो-हाऊस बघून ठेवलंय. बिल्डर म्हणतो, “जागा एनए आहे, मंजुरी आहे, पाच लाख टोकन टाका, रेट वाढायच्या आत.” प्रश्न एवढाच होता : दादा, देऊ का?

आजचा भाग या एका प्रश्नावर. 17 सप्टेंबर 2025 ला बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षं ज्या गाडीवर आपण जोक मारले ती खरंच धावली. त्यामुळे “स्टेशनपासून पाच मिनिटं” वाले ब्रोशर तुमच्याही ग्रुपवर येणारच. ते वाचायचं कसं, ते बघू.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. ‘मंजुरी’ नावाचा एकच कागद नसतो. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, कोड कंपाइल झाला म्हणजे रिलीज झाला असं नसतं. एनए म्हणजे शेतजमिनीचा वापर बिगरशेती झाला, बस. त्यावर किती घरं, कुठे रस्ता, कुठे नाली, यातलं काहीच त्यात ठरत नाही. एनएचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच सैल झालेत. विकास आराखड्यात जागा रहिवासी झोनमध्ये असेल तर ठरलेली रक्कम भरली की काम होतं. म्हणजे “एनए आहे” हे वाक्य आता पूर्वीपेक्षाही कमी सांगतं.

दुसरा प्रश्न, मंजुरी दिली कोणी? जागा नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर परवानगी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने मिळते. हद्दीबाहेर असेल तर मामला जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो आणि नगररचना विभागाचा अभिप्राय लागतो. ग्रामपंचायतीचा बांधकाम परवानगीचा अधिकार गावठाणापुरता. शहराच्या कडेची, पण कागदावर शेजारच्या गावात मोडणारी जागा असते ना, तिथे हमखास गोंधळ होतो. सरपंचाचं पत्र आणि नमुना 8 दाखवून “मंजूर आहे” म्हणतात. नमुना 8 असो की नगरपरिषदेचा पीटीआर, दोन्ही कर आकारणीची रजिस्टरं. विनापरवाना घरालाही कर लागतो. कर घेतला म्हणून घर कायदेशीर होत नाही.

आता खरी गंमत, लेआउट. सरकारी मराठीत रेखांकन. हे दोनदा मंजूर होतं, आणि फसवणूक बहुतेक या दोन सह्यांच्या मधे बसते. आधी तात्पुरती मंजुरी मिळते. मग बिल्डरने जागेवर रस्ते, नाल्या, लाइटचे पोल करायचे, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यायची आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. ब्रोशरवर बऱ्याचदा तात्पुरत्या आदेशाचा नंबर असतो आणि “मंजूर लेआउट” लिहिलेलं असतं. खोटं नाही, पण अर्धं आहे. रस्ते झालेच नाहीत तर अंतिम मंजुरी येत नाही आणि चिखल तुमच्या दारात.

डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे, यूडीसीपीआर. तिच्यात 0.4 हेक्टर किंवा जास्त जागेच्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. 0.4 हेक्टर म्हणजे साधारण एक एकर. तेव्हा नकाशात ‘ओपन स्पेस’ कुठे दाखवलीय ते बघा आणि जाऊन उभे राहा. तिथे वॉचमनची खोली किंवा तेरावं रो-हाऊस दिसलं तर बिल्डरला तिथेच विचारा.

लेआउटनंतर घरांची बांधकाम परवानगी वेगळी. नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 45 नुसार अर्ज आल्यापासून 60 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, नाही दिला तर परवानगी मिळाली असं मानतात. काही जण याचाच आधार घेतात, “साठ दिवस झाले, मानीव परवानगी आहे.” पण प्लॅन नियमांत बसणारा असेल तरच हे चालतं. मानीव म्हणजे मनमानी नव्हे.

बीडसाठी एक खास मुद्दा : बिंदुसरा. जुलै 1989 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. नदीकाठच्या जागेला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधता येत नाही. निळ्या आणि लालच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर हवं. ‘रिव्हर व्ह्यू’ वाचलं की पहिला प्रश्न पूररेषेचा.

मग रेरा. 1 मे 2017 पासून प्रकल्प महारेरात नोंदवल्याशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइल काढा, स्कॅन करा, मंजूर नकाशा तिथेच उघडतो. शिवाय नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पण पळवाट बघा. जागा 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील तर नोंदणी लागत नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. आपल्याकडच्या छोट्या स्कीम मोजून बघा, सहा, आठ, आठ, सहा. म्हणजे पुण्यात माझ्या मित्राला जे संरक्षण आहे ते बीडमधल्या आठ घरांच्या रांगेला नाही. सगळे मुद्दाम आठवर थांबतात असं नाही. पण त्याच बिल्डरच्या शेजारीशेजारी दोन स्कीम असतील तर सावध व्हा. कायद्यात सगळे टप्पे मिळून आठ मोजतात.

“पण रजिस्ट्री होतेय ना?” हो, होऊ शकते. 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढलं की मंजूर लेआउटशिवाय एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवू नका. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. दस्त नोंदवणारा अधिकारी तुमच्या बांधकामाची परवानगी तपासायला बसलेला नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि पाचशेच्या बाँडवर घर घेणाऱ्यांनी तर त्याला खरेदी म्हणूच नये. दुसरा प्रकार, दहा जणांनी मिळून एका सातबाऱ्यावर सामायिक नाव लावायचं. पुढे लोनला, विकायला, प्रत्येक वेळी बाकी नऊ जण शोधत फिरा.

एका ताईने विचारलं होतं की नगरसेवक अशी स्कीम अडवू शकतो का. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी टाउनहोमचा प्रस्ताव सिटी कौन्सिलपुढे येतो, शेजारी माइकवर जाऊन बोलतात आणि मग मतदान होतं. आपल्याकडे खासगी लेआउटवर सभागृहात मत पडत नाही, नियमात बसलं की प्रशासन सही करतं. आपली बोलायची वेळ त्याच्या कितीतरी आधी असते. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. कुठे शाळा, कुठे रस्ता, कुठे घरं, हे तेव्हा ठरतं. ती नोटीस पेपरात एका कोपऱ्यात असते आणि आपण रील बघत असतो. मीसुद्धा.

आता गेवराईच्या मित्राला उत्तर. टोकन आज नको. बिल्डरकडून अंतिम रेखांकन आदेश, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा या तिन्हींच्या प्रती माग. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 1’ आहे का ते बघ. आपल्याकडे इनाम आणि देवस्थानच्या जमिनी कमी नाहीत, वर्ग 2 दिसलं तर वकिलाकडे जा. प्रती मिळाल्या की त्यावरचे आदेश क्रमांक घेऊन ज्या ऑफिसची सही आहे तिथे जाऊन ताडून बघ. टाळाटाळ झाली तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहेच, उत्तराला 30 दिवस.

बिल्डर म्हणेल, “तोपर्यंत घर जाईल.” जाऊ दे. वडिलांना सांग, फंड तोपर्यंत बँकेत व्याज खातोय.