‘इंटरेस्ट’ : एक शब्द, अनेक हिशेब

‘इंटरेस्ट’ हा इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचे परकेपण सहसा जाणवत नाही. मुलाला गणितात ‘इंटरेस्ट’ नसतो, मुदत ठेवीवर ‘इंटरेस्ट’ मिळतो आणि कार्यालयातील एखाद्या खरेदीत साहेबांचा ‘इंटरेस्ट’ असल्याची कुजबूज होते. पहिल्या ठिकाणी मराठीत गोडी म्हणावे लागेल, दुसऱ्या ठिकाणी व्याज आणि तिसऱ्या ठिकाणी हितसंबंध. जे वेगळे आहे त्याला वेगळे नाव देण्याची ही मराठीची रीत व्यवहारात किती उपयोगी आहे, हे या शब्दाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘एसे’ म्हणजे असणे. मध्ये असणे यावरून संबंध पोचणे, फरक पडणे असा अर्थ सिद्ध झाला. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती धर्मपीठाने कर्जावर मोबदला घेणे पाप ठरवले होते. त्या निषिद्ध मोबदल्यास ‘युझुरी’ म्हणत. मात्र कर्ज मुदतीत न फिटल्यामुळे धनकोचे प्रत्यक्ष नुकसान झाले, तर त्याची भरपाई मागण्यास मुभा होती. ही भरपाई म्हणजे ‘इंटरेस्ट’. व्यापार वाढला तशी ही मुभाही रुंदावत गेली. इंग्लंडमध्ये १५४५ साली आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १० टक्क्यांपर्यंत आकारणीस कायद्याने मान्यता मिळाली. १५५२ मध्ये ती काढून घेण्यात आली आणि १५७१ मध्ये पुन्हा देण्यात आली. पुढे १८५४ साली तेथील कमाल दराचे बंधनच उठले व १८५५ मध्ये भारतातही तोच कायदा झाला. पापाला सोज्ज्वळ नाव मिळाले की त्याची प्रतिष्ठा कशी वाढते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आपल्याकडील शब्द मात्र अधिक स्पष्टवक्ता आहे. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, मिष, कपट. निंदेच्या मिषाने केलेली स्तुती ती व्याजस्तुती आणि ज्यात कपट नाही ते निर्व्याज प्रेम. व्याजाच्या आकारणीला आवर घालणारा ‘दामदुपटी’चा नियमही हिंदू धर्मशास्त्राने सांगितला होता : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. परंतु नियम असणे आणि तो ऋणकोच्या पदरी पडणे यांत अंतर असते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. दख्खनच्या या दंग्यांत रोख होता तो प्रामुख्याने सावकारांच्या दप्तरातील कर्जरोख्यांवर; ते हिसकावून जाळण्यात आले. आपण ज्यावर अंगठा उमटवला त्यात काय लिहिले आहे, हे न कळणाऱ्याचा तो संताप होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यातील आकड्यापाशी न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

कायद्याच्या क्षेत्रात याच शब्दाचा संसार आणखी मोठा आहे. शेजाऱ्याच्या घराचा विमा आपल्या नावे उतरवता येत नाही, कारण ते जळाल्याने आपले काही बुडत नाही; तेथे आपले विमायोग्य हित नसते. आयुर्विम्याच्या बाबतीत इंग्लंडने हे तत्त्व १७७४ सालीच कायद्यात आणले. न्यायाधीशाचा खटल्यात स्वार्थ नसावा, पण त्याचे लक्ष मात्र असावे. इंग्रजीत ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांतील हा भेद शिक्षितांकडूनही पुसला जातो; निःस्वार्थ आणि उदासीन म्हटले की घोटाळ्याला जागाच उरत नाही. ॲडम स्मिथने १७७६ साली खाटीक आणि पाववाला यांच्या ज्या ‘इंटरेस्ट’चा दाखला दिला, तोही स्वहित या अर्थाने. ते लोभाचे समर्थन समजणे म्हणजे शब्दाच्या एका अर्थाने दुसऱ्याचा बळी देणे होय.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र एकाच अर्थाच्या पोटात आहे. १२ टक्के ‘फ्लॅट’ दराने १०,००० रुपये वर्षभरासाठी घेतले आणि ते १२ समान मासिक हप्त्यांत फेडले, तर १,२०० रुपये व्याज पडते. वरवर हिशेब चोख दिसतो. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर आकारलेले असते. घटत्या शिलकेवर मोजल्यास हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शब्द तोच, आकडाही खोटा नाही; तरी ऋणकोची समजूत मात्र खोटी ठरते. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये किरकोळ तसेच लघुउद्योगांच्या कर्जांसाठी एकूण वार्षिक खर्चाची टक्केवारी दाखवणारे पत्रक देणे बंधनकारक केले, ते यासाठीच.

असे पत्रक हाती आले तरी ते वाचावे लागतेच. व्याज कोणत्या रकमेवर, ‘राष्ट्रहित’ नेमके कोणाचे आणि समितीवरील सदस्याचे स्वारस्य की हितसंबंध, हे प्रश्न मराठीत विचारले की उत्तर देणाऱ्याला एका मोघम शब्दाआड दडता येत नाही. शिक्षकांनी वर्गात सरळव्याजाचे उदाहरण सोडवून घेताना कर्जाचा एखादा खरा अर्जही फळ्यावर मांडला, तर विद्यार्थ्यांना गणिताची गोडी लागेल आणि त्यांचे हितही होईल.