सूर्य फुकट, पैसा महाग : आफ्रिकेतील गावांच्या सौरविजेचा खर्च कोण उचलतो?

२००८ साली लॉरा स्टॅचेल या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ मातामृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी उत्तर नायजेरियात गेल्या. तिथल्या सरकारी रुग्णालयात रात्री वीज गेली की बाळंतपणे कंदिलाच्या आणि टॉर्चच्या उजेडात उरकावी लागत, शस्त्रक्रिया ताटकळत. डॉक्टर आणि सुईणी हजर असूनही केवळ दिवा नसल्यामुळे बाईचा जीव धोक्यात येत होता. स्टॅचेल यांचे पती सौरऊर्जा शिकवत असत. त्या दोघांनी मिळून रुग्णालयासाठी एक छोटी सौरयंत्रणा तयार केली. त्यातूनच पुढे ‘सोलर सूटकेस’ आली. भिंतीवर बसवता येणाऱ्या या पेटीत दिवे, फोन चार्ज करण्याची सोय आणि बाळाचे ठोके ऐकण्याचे यंत्र असते.

ही गोष्ट ऐकून कुणालाही बरे वाटते, पण तिथेच थांबून चालणार नाही. एका रुग्णालयाला पेटी देणगीतून मिळू शकते. कोट्यवधी लोकांच्या विजेसाठी पैसा कुठून येतो, कोणत्या अटींवर येतो आणि शेवटी कुणाच्या खिशातून वसूल होतो, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न किती मोठा?

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी वीज नाही. वीज नसलेल्यांत सर्वाधिक लोक नायजेरिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि इथिओपिया या देशांत आहेत. या भागातील दहापैकी एकाहून अधिक आरोग्य केंद्रांना वीजजोडणीच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते जगातील उत्तम सौरऊर्जेच्या जागांपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहेत, पण जगात बसवलेल्या सौरक्षमतेपैकी जेमतेम १ टक्का तिथे आहे. जगाच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा आफ्रिकेत राहतो, तरी स्वच्छ ऊर्जेतील जागतिक गुंतवणुकीपैकी फक्त २ टक्क्यांच्या आसपास रक्कम तिकडे जाते. हवामान बदलाला कारणीभूत ठरणाऱ्या ऊर्जाक्षेत्रातील कार्बन उत्सर्जनात आफ्रिकेचा वाटा ३ टक्क्यांहून कमी आहे. ज्यांनी धूर केला नाही, त्यांच्याच घरात दिवा नाही.

ग्रिडबाहेरची वीज म्हणजे काय?

दूरच्या विखुरलेल्या वस्तीपर्यंत खांब आणि तारा नेणे फार महाग पडते. म्हणून तिथे वीज जागेवरच तयार करतात. याचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला घरापुरता संच : छपरावर छोटे पॅनल, बॅटरी, दोन-तीन बल्ब, फोनचे चार्जिंग. दुसरा मिनी-ग्रिड : गावाजवळ पॅनल आणि मोठ्या बॅटऱ्या, तिथून घरोघर तार आणि मीटर. पिठाची गिरणी, वेल्डिंग, शीतपेटी असे धंदे यावर चालू शकतात. तिसरा प्रकार दवाखाना आणि शाळा यांच्यासाठी असलेल्या स्वतंत्र यंत्रणांचा.

पैसा कुठे अडतो?

डिझेल जनरेटर घेताना सुरुवातीचा खर्च कमी असतो, नंतर रोज इंधनाला पैसे लागतात. सौरऊर्जेचे उलटे आहे. इंधन फुकट, पण जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. तो कर्ज काढूनच होतो. त्यामुळे सौरविजेच्या दरात व्याजाचा वाटा फार मोठा असतो.

एक साधे उदाहरण घेऊ. १ लाख रुपयांचे कर्ज १० वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे आहे. व्याज ५ टक्के असेल तर एकूण सुमारे १ लाख २९ हजार भरावे लागतील. व्याज १५ टक्के असेल तर सुमारे १ लाख ९९ हजार. पॅनल तेच, ऊनही तेच, तरी ७० हजारांचा फरक. आफ्रिकेतील ऊर्जाप्रकल्पांना भांडवल श्रीमंत देशांच्या तुलनेत दोन ते तीन पट महाग पडते. म्हणजे गरीब गाव विजेबरोबर ‘जोखमी’चेही पैसे देते.

त्यात चलनाची भर पडते. कर्ज बहुधा डॉलरमध्ये असते आणि ग्राहक पैसे देतो नायरा किंवा शिलिंगमध्ये. जून २०२३ पूर्वी नायजेरियात अधिकृत दराने एका डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. २०२४ च्या सुरुवातीला ते १,५०० च्या आसपास गेले. गावाने एक हप्ता चुकवला नाही, तरी त्याच्या नावावरच्या डॉलरचे ओझे तिप्पट झाले.

हप्त्यावरचा उजेड

केनियात २००७ मध्ये ‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली. तिच्या आधारावर २०१२ च्या सुमारास ‘एम-कोपा’ या कंपनीने सौरसंच हप्त्याने विकायला घेतले. स्वाहिली भाषेत ‘कोपा’ म्हणजे उसने घेणे. आधी थोडे डिपॉझिट भरायचे, मग वर्षभर रोज सुमारे ५० शिलिंग. रॉकेलवर होणारा खर्चच हप्त्याकडे वळवावा, अशी ही कल्पना. पैसे फिटले की संच घराचा होतो.

बँकेने ज्यांना दारात उभे केले नसते, अशा लाखो घरांत या पद्धतीने दिवे लागले, हे मान्य केले पाहिजे. पण संचात एक सिमकार्ड असते. हप्ता थांबला की संच दूरवरून बंद होतो. पीक बुडाले, घरात आजारपण आले, की नेमक्या त्याच दिवसांत घरात अंधार. आपल्या वस्त्यांतील ज्या बायकांनी मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता भरला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय कंपनीच बुडाली तर सेवा कोण देणार, हाही प्रश्न आहे. टांझानिया, रवांडा आणि केनियात काम करणारी ‘मोबिसोल’ ही जर्मन कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे एका फ्रेंच कंपनीने ती विकत घेतली, म्हणून ग्राहक वाऱ्यावर पडले नाहीत.

अनुदान कंपनीला, कर्ज देशाला

मिनी-ग्रिडसाठी नायजेरियाने वेगळी वाट धरली. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक बँकेने तिथल्या ‘डेअर्स’ प्रकल्पासाठी ७५ कोटी डॉलर मंजूर केले. १ कोटी ७५ लाख लोकांना वीज देण्याचे उद्दिष्ट आहे. यातून कंपन्यांना जोडणीमागे अनुदान मिळते, तेही जोडणी झाल्याची आणि वीज चालू असल्याची तपासणी झाल्यावर. कागदावर गावे उजळवून पैसे उचलण्याला त्यामुळे आळा बसतो. ही चांगली गोष्ट आहे.

तरीही दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. हे ७५ कोटी डॉलर दान नाहीत. ते सवलतीचे कर्ज आहे आणि ते नायजेरियाची जनता फेडणार आहे. दुसरे म्हणजे, अनुदान मिळूनही मिनी-ग्रिडचा प्रति युनिट दर शहरातील ग्रिडच्या दरापेक्षा बराच जास्त असतो. शहरातल्या सुस्थितीतील माणसाला स्वस्त वीज आणि खेड्यातल्या शेतमजुराला महाग, असा उलटा न्याय होतो.

केवळ परदेशी मदतीवर विसंबण्याचा धोकाही ताजा आहे. अमेरिकेने २०१३ मध्ये सुरू केलेला ‘पॉवर आफ्रिका’ कार्यक्रम २०२५ मध्ये तिथले सरकार बदलताच गुंडाळला गेला. सध्या जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांनी ‘मिशन ३००’ हाती घेतले आहे. २०३० पर्यंत ३० कोटी लोकांना वीज देण्याचा हा संकल्प आहे आणि त्यातील मोठा भाग ग्रिडबाहेरच्या विजेचा असेल. म्हणजे पुढच्या काही वर्षांत जे करार होतील, त्यांवर एका पिढीचा वीजदर ठरणार आहे.

बाबासाहेबांनी मांडलेला प्रश्न

याचा आपल्याशी काय संबंध, असे एखादा कार्यकर्ता विचारील. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४३ मध्ये वीजधोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, आणि ती स्वस्त व मुबलक कशी मिळेल, हे प्रश्न पुढे ठेवले. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय जमिनीवर पिचणाऱ्या माणसाची सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. विजेकडे त्यांनी दयेचा विषय म्हणून पाहिले नाही. आज लागोस किंवा नैरोबीत जो वाद चालू आहे, तो हाच आहे.

मालकी आणि देखभाल

मी ज्या वस्तीत काम करते, तिथे विहाराजवळ सौरदिवा बसला, फोटो निघाले. दोन पावसाळ्यांनंतर बॅटरी गेली आणि फोन कुणाला करायचा हे कुणालाच माहीत नव्हते. आफ्रिकेतही बंद पडलेल्या अशा यंत्रणा कमी नाहीत. उद्घाटनाला पैसा मिळतो, बॅटरी बदलायला मिळत नाही.

यावरचा एक मार्ग भारतातूनच गेला आहे. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये आफ्रिकेतील खेड्यांतल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या किंवा जेमतेम शिकलेल्या आज्या सहा महिने राहून सौरयंत्रणा जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या. भाषा वेगळ्या, म्हणून शिकवणे रंगांच्या खुणांनी आणि हातवाऱ्यांनी. खर्च भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याने केला. गावाची समिती घरोघर महिन्याला ठरावीक रक्कम गोळा करते आणि त्यातून या बाईचे मानधन व दुरुस्ती भागते. शिकलेला तरुण शहरात निघून जातो, आजी गावात राहते, हा त्यामागचा साधा हिशोब.

म्हणून कुठल्याही सौरप्रकल्पाची बातमी वाचताना, मग तो मलावीतला असो वा मराठवाड्यातला, चार गोष्टी विचारा. हे अनुदान आहे की कर्ज, आणि कर्ज कोणत्या चलनात? दर कुणी ठरवला, गावाला विचारले का? पाचव्या वर्षी बॅटरीचे पैसे कोण देणार? आणि कर्ज फिटल्यावर पॅनल कुणाच्या मालकीचे?

आपले अनेक तरुण आज समाजकार्य आणि विकास अभ्यास शिकून सामाजिक संस्थांत, सीएसआर विभागांत, परदेशी विद्यापीठांत पोहोचले आहेत. प्रकल्पाचे प्रस्ताव त्यांच्या टेबलावरून जातात. हे चार प्रश्न त्या प्रस्तावाच्या समासात लिहिणे त्यांना सहज शक्य आहे.