ऑस्टर (निरीक्षण विमान)

ऑस्टर हे ब्रिटनमध्ये तयार झालेले एका इंजिनाचे, उंच पंखांचे हलके विमान होय. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर सुमारे दोन दशके ब्रिटिश सैन्याने त्याचा उपयोग मुख्यतः तोफखान्याच्या माऱ्याचे हवाई निरीक्षण करण्यासाठी केला. याखेरीज निरोप पोहोचवणे, अधिकाऱ्यांची ने-आण आणि छायाचित्रण ही कामेही ते करीत असे. स्वातंत्र्योत्तर भारतीय सैन्याच्या हवाई शाखेचा आरंभ याच विमानापासून झाला. त्या शाखेचा नाशिक व देवळाली परिसराशी निकटचा संबंध असल्याने महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय वाटतो तितका परका नाही.

नाव आणि निर्मिती

लॅटिन भाषेत दक्षिणेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला ‘ऑस्टर’ म्हणतात. कोकणातील मच्छीमार खारे वारे आणि मतलई वारे अशी वाऱ्यांची नावे दिशेवरून व स्वभावावरून ओळखतात. हे नावही त्याच जातीचे आहे. विमानाचे मूळ मात्र अमेरिकी आहे. अमेरिकेतील टेलरक्राफ्ट कंपनीच्या परवान्यावर लान्स वाइक्स यांनी १९३८ मध्ये इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात कारखाना सुरू केला. छंद म्हणून विमान चालवणाऱ्यांसाठी लहान विमाने तयार करणे एवढाच त्याचा मर्यादित हेतू होता. युद्ध सुरू झाल्यावर त्याच विमानाला सैनिकी रूप देण्यात आले. १९४६ मध्ये कंपनीनेही ‘ऑस्टर एअरक्राफ्ट’ हेच नाव धारण केले. ते पाहण्यास वाइक्स हयात नव्हते. १९४४ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असून त्यावर कापड ताणून रोगणाने घट्ट केलेले असे. सर्वाधिक संख्येने तयार झालेल्या पाचव्या आवृत्तीत १३० अश्वशक्तीचे लायकमिंग इंजिन होते. पंखांचा विस्तार सुमारे ११ मीटर, लांबी सुमारे ७ मीटर, तर भारासह वजन सुमारे ८४० किलोग्रॅम होते. कमाल वेग ताशी २१० किलोमीटरच्या आसपास भरे. लढाऊ विमानांच्या तुलनेत हे आकडे हास्यास्पद वाटतील. परंतु या विमानाचे सामर्थ्य वेगात नव्हते, संथपणात होते. मोठ्या झडपांमुळे ते अतिशय कमी वेगाने उतरू शके आणि एखादे लहानसे शेत किंवा रस्त्याचा सरळ तुकडाही त्याला धावपट्टी म्हणून पुरत असे. महायुद्धाच्या काळात अशी १,६०० हून अधिक विमाने तयार झाली.

निरीक्षणाची पद्धत

दूर पल्ल्याची तोफ चालवणाऱ्याला आपला गोळा कोठे पडला हे दिसत नाही. मध्ये टेकडी, झाडी किंवा केवळ अंतर आडवे येते. म्हणून पुढे, उंच जागी बसलेला निरीक्षक त्याला दुरुस्ती सांगतो. मालवण किनाऱ्यावर रापण लावताना पाण्याच्या रंगावरून मासळीचा थवा ओळखणारा जाणकार आणि जाळे घेऊन निघालेली होडी यांच्यात जो संबंध असतो, त्याच प्रकारचा हा संबंध आहे. जेथे टेकडीच नाही तेथे निरीक्षकाला उंचीवर न्यायचे, एवढे एकच काम विमानाकडे होते.

वैमानिक नकाशावरून लक्ष्याचे स्थान बिनतारी यंत्राने तोफेला कळवी. पहिला गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला, तर तो अंतर ४०० याडर्ांनी वाढवण्यास सांगे. दुसरा पलीकडे पडला म्हणजे लक्ष्य त्या दोहोंच्या मध्ये आहे हे निश्चित होई. मग २०० मागे, नंतर १०० पुढे, अशा रीतीने अंतर निम्मे निम्मे करीत चार-पाच गोळ्यांत नेमका पल्ला सापडे. त्यानंतर सर्व तोफांना एकाच वेळी मारा करण्याची आज्ञा दिली जाई. गोळ्याला लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास लागणारे सेकंद मोजून नेमक्या स्फोटाच्या क्षणी विमानाचे तोंड योग्य दिशेला ठेवणे, हे यातील खरे कसब होते. एकटा माणूस हे सर्व करी : एका हाताने विमान चालवणे, मांडीवरचा नकाशा पाहणे, बिनतारी यंत्रावर बोलणे आणि वर शत्रूची विमाने आहेत काय यावर लक्ष ठेवणे.

हे विमान शत्रूच्या प्रदेशावर सहसा जात नसे. ते आपल्याच तोफांच्या आसपास, बहुधा काही शे फूट उंचीवर फिरे. पाहण्यापुरते वर चढे आणि लगेच झाडांच्या उंचीपर्यंत खाली येई. त्याच्यावर शस्त्र नव्हते. शत्रूचे लढाऊ विमान मागे लागल्यास जमिनीलगत तीव्र वळणे घेणे हाच बचाव होता. वेगवान विमानाला इतकी लहान वळणे घेता येत नाहीत. स्वपक्षाच्या तोफगोळ्यांच्या मार्गात सापडण्याचा धोका मात्र कायम असे.

मालकीचा वाद

या विमानाच्या इतिहासातील खरा झगडा तांत्रिक नव्हता. विमान चालवणारा मनुष्य सैनिक असावा की हवाई दलाचा, हा तो प्रश्न होता. ब्रिटिश हवाई दलाच्या मते आकाशात जे उडते ते हवाई दलाचे. तोफखान्यातील कॅप्टन चार्ल्स बेझली आणि त्यांचे सहकारी उलट बाजू मांडत : वैमानिकाला तोफांचे ज्ञान देण्यापेक्षा तोफखान्याच्या अधिकाऱ्याला विमान चालवण्यास शिकवणे सोपे आहे. या मताच्या चाचणीसाठी १ फेब्रुवारी १९४० रोजी ओल्ड सॅरम येथे ‘डी फ्लाइट’ नावाची लहान तुकडी स्थापन झाली. ती फ्रान्समध्ये पोहोचली, परंतु जर्मन आक्रमणामुळे चाचणी पूर्ण न होताच परतली. त्याच मोहिमेत सैन्याला साहाय्य करणारी हवाई दलाची शंभराहून अधिक लायसँडर विमाने नष्ट झाली. लायसँडर हे अधिक मोठे, अधिक वेगवान आणि सशस्त्र विमान होते. तरीही, किंवा म्हणूनच, ते टिकले नाही. या अनुभवाने बेझली यांच्या म्हणण्याला बळ आले.

अखेरीस जो तोडगा निघाला तो तडजोडीचा होता. विमाने आणि स्क्वॉड्रन हवाई दलाच्या नावावर, दुरुस्ती करणारे कारागीर हवाई दलाचे, वैमानिक मात्र तोफखान्याचे अधिकारी. अशा पहिल्या ६५१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची स्थापना १९४१ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये ती उत्तर आफ्रिकेत उतरली. पुढे इटली, नॉर्मंडी आणि जर्मनीपर्यंत या तुकड्या तोफखान्याबरोबर गेल्या. ६५६ क्रमांकाची स्क्वॉड्रन १९४३ मध्ये भारतात आली व ब्रह्मदेशात चौदाव्या सेनेबरोबर लढली. नंतर मलायातील बंडाळीच्या काळात याच स्क्वॉड्रनने जंगलातील छावण्या शोधण्याचे काम दीर्घकाळ केले. ब्रिटनमध्ये हा वाद १ सप्टेंबर १९५७ रोजी संपला. त्या दिवशी सैन्याच्या स्वतंत्र हवाई शाखेची, आर्मी एअर कोअरची, स्थापना झाली. ऑस्टरच्या १८० अश्वशक्तीच्या नवव्या आवृत्तीने तिच्या आरंभीच्या काळात सेवा केली; त्यानंतर हेलिकॉप्टरांनी तिची जागा घेतली.

भारतातील वाटचाल

६५९ क्रमांकाची स्क्वॉड्रन युरोपातील युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये भारतात आली. १४ ऑगस्ट १९४७ रोजी लाहोर येथे ती विसर्जित झाली. खुर्च्या-टेबलांपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत सर्व मालमत्तेची वाटणी होत असताना हीही वाटली गेली आणि भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांच्या सैनिकी हवाई शाखा आपले मूळ याच एका स्क्वॉड्रनमध्ये शोधतात. भारताच्या वाट्याला आलेल्या ऑस्टर विमानांना विश्रांती मिळाली नाही. काही महिन्यांतच ती जम्मू-काश्मीरमधील लढाईत उतरली.

पुढे भारताने नववी आवृत्तीही घेतली. तिच्या जोडीला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने ‘पुष्पक’ या लहान विमानावरून ‘कृषक’ हे निरीक्षण विमान विकसित केले. १९६५ च्या युद्धात ऑस्टर आणि कृषक ही दोन्ही विमाने वापरात होती. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला येथे मेजर आत्मा सिंग यांनी कृषक विमानातून हवाई दलाच्या हंटर विमानांना पाकिस्तानी रणगाड्यांकडे मार्गदर्शन केले व त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. वाळवंटात रणगाडा लपत नाही हे खरे. पण वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला तो दाखवून देणारा कोणीतरी तेथे संथपणे उडत राहावा लागतो, आणि तेही निःशस्त्र. लोंगेवाल्याच्या लोकप्रिय कथनात या भागाला मिळायला हवे तितके स्थान मिळालेले नाही. १९७० च्या दशकात कृषकची जागा ‘चीता’ हेलिकॉप्टरने घेतली.

ब्रिटनमधील मालकीचा वाद भारतातही जसाच्या तसा चालला आणि अधिक काळ रेंगाळला. येथेही वैमानिक तोफखान्याचे होते. सैन्याची स्वतंत्र हवाई शाखा १ नोव्हेंबर १९८६ रोजी अस्तित्वात आली, म्हणजे ब्रिटनपेक्षा २९ वर्षे उशिरा.

नाशिक आणि देवळाली

देवळाली ही ब्रिटिश काळातील प्रसिद्ध छावणी. मायदेशी परतणाऱ्या बोटीची वाट पाहत गोऱ्या सैनिकांना येथे महिनोन्‌महिने राहावे लागे; त्या कंटाळ्यातून वेड लागल्यासारखे वागणाऱ्यास इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणण्याचा प्रघात पडला. याच देवळालीत तोफखान्याची प्रशिक्षण शाळा असून तोफखान्याचे केंद्र जवळच नाशिक रोड येथे आहे. निरीक्षक वैमानिक आधी तोफखान्याचा अधिकारी असल्यामुळे त्याच्या शिक्षणाचा मार्ग येथूनच जाणे स्वाभाविक होते. २००३ मध्ये नाशिक रोड येथे सैनिकी वैमानिकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण शाळा सुरू झाली. १० ऑक्टोबर २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी याच तळावर सैन्याच्या हवाई शाखेला राष्ट्रपतींचे निशाण प्रदान केले. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांनी येथून प्रशिक्षण पूर्ण केले. या शाखेतील त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक होत.

जतन

सैन्यातून निवृत्त झालेली अनेक ऑस्टर विमाने खासगी मालकांनी विकत घेतली. ग्लायडर ओढण्यासाठी आणि उड्डाण मंडळांत शिकवण्यासाठी त्यांचा वर्षानुवर्षे उपयोग झाला. कापडाचे आवरण ठरावीक काळाने बदलावे लागते, परंतु रचना साधी असल्याने दुरुस्ती लहान कार्यशाळेतही होऊ शकते. इतकी विमाने आजवर उडत्या स्थितीत राहिली त्याचे हे एक कारण आहे. इंग्लंडमधील मिडल वॉलप येथील सैनिकी उड्डाण संग्रहालयात ऑस्टर विमाने पाहावयास मिळतात. लक्ष्य शोधून गोळ्याची दुरुस्ती सांगण्याचे त्यांचे मूळ काम आता बहुतांशी मानवरहित विमानांकडे गेले आहे.